आरआरसी ताऱ्याच्या डेटात उरलेली पाच बारीक शिखरे: खरी कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ताऱ्यांचा उजेड सतत मोजणाऱ्या टेस उपग्रहाचा एका सेक्टरचा, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याचा २७ दिवसांचा डेटा घेतला. नोंदी दर दोन मिनिटांनी. तारा आरआर लायरी कुटुंबातला, म्हणजे नियमित फुगत-आकसत उजेड बदलणारा, आरआरसी प्रकारचा, साधारण साडेअकराव्या प्रतीचा. मुख्य वारंवारता दिवसाला ३.२२६ आवर्तने, आयाम, म्हणजे चढउताराचा आवाका, १५० मिलिमॅग (मिलिमॅग म्हणजे प्रतीचा हजारावा भाग). ती आणि तिचे हार्मोनिक (तिच्या दुप्पट, तिप्पट वारंवारता) वजा केल्यावर पिरिओडोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती चढउतार हे दाखवणाऱ्या आलेखात, पाच बारीक शिखरे उरली: ५.२६२ (४ मिलिमॅग), ३.२५८ (३), ०.०७३ (२), २.६३१ (१.५) आणि ११.८४ (१). मार्गदर्शकांचे म्हणणे, सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत शिखराची उंची, चारच्या वर असेल तर सगळी लिहून टाका. पाचही लिहावीत का? आणि घरच्या ८ इंची दुर्बिणीतून त्यांची खातरजमा होईल का?

पाचही लिहू नका. माझ्या मते दोन तुमच्या ताऱ्याची आहेत, आणि ती दोन मुळात एकाच दोलनाची आहेत. एक उपग्रहाचे आहे, एक बहुधा शेजारच्या ताऱ्याचे, आणि एकाबद्दल एवढ्या डेटावर निकाल देता येत नाही. कोणते कुठले ते पुढे सांगते. तुम्ही ताऱ्याचे नाव कळवले आहे, पण ते इथे मुद्दाम लिहीत नाही. काम तुमचे आहे.

आधी त्या चारच्या नियमाबद्दल. १९९३ मध्ये मिशेल ब्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेल्टा स्कुटी या जलद स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या अनुभवावरून तो सुचवला: आजूबाजूच्या गोंगाटाच्या चौपट उंचीचे शिखर असेल तर त्यावर विश्वास ठेवा. तो जमिनीवरच्या दुर्बिणींच्या, काही हजार नोंदींच्या डेटासाठी होता. तुमच्याकडे एका सेक्टरमध्ये १९ हजारांच्या आसपास नोंदी आहेत आणि दिवसाला ३६० आवर्तनांपर्यंतचा पल्ला आहे. ३६० गुणिले २७ केले की जवळपास दहा हजार स्वतंत्र वारंवारता होतात. एवढ्या ठिकाणी शोधल्यावर निव्वळ योगायोगाने एखादे शिखर चौपट उंच निघण्याची शक्यता बरीच वाढते. टेसच्या डेटासाठी मी स्वतः पाचच्या खाली काही लिहीत नाही.

पण खरा मुद्दा वेगळा आहे. हा नियम फक्त एवढेच सांगतो की शिखर योगायोगाचे नाही. ते ताऱ्याचे आहे असे तो कुठेही सांगत नाही. उपग्रहाची थरथर, चंद्राचा प्रकाश, शेजारचा तारा, आपणच केलेली वजाबाकी यांपैकी काहीही योगायोग नसते, आणि यातली प्रत्येक गोष्ट उत्तम सिग्नल-टू-नॉइज देऊ शकते.

हे मी ठेच लागून शिकले. नव्वदच्या दशकात मी एपी ताऱ्यांची जलद दोलने शोधत होते. एपी म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राचे, विचित्र रासायनिक घडणीचे तारे. त्यांतले काही साधारण ५ ते २४ मिनिटांच्या कालावधीने थरथरतात, आणि ती थरथर बहुतेकदा एक-दोन मिलिमॅगचीच असते. डोनाल्ड कुर्ट्झ यांनी १९७८ मध्ये प्रिबिल्स्कीच्या ताऱ्यात १२ मिनिटांचे दोलन पकडले, तेव्हापासून हे क्षेत्र सुरू झाले. पुढे नैनिताल आणि दक्षिण आफ्रिकेच्या वेधशाळांनी मिळून याच कामासाठी मोठे सर्वेक्षण केले. आम्ही फोटोमल्टिप्लायर (उजेड मोजणारी नळी) लावून दर दहा सेकंदांची मोजणी घेत असू. तुलनेचा तारा एकाच वेळी दिसत नसे, म्हणून मध्येच दुर्बीण हलवून आकाशाची पार्श्वभूमी मोजायची, पुन्हा ताऱ्यावर यायचे.

एका रात्री एका ताऱ्यात जवळपास चार मिनिटांचा स्वच्छ कालावधी निघाला. दुसऱ्या रात्रीही तोच, तिसऱ्या रात्रीही तोच. आयाम दीड मिलिमॅग, सिग्नल-टू-नॉइज सहाच्या वर. इतका जलद एपी तारा आम्हाला तोवर माहीत नव्हता, त्यामुळे आनंद काय विचारता. चौथ्या रात्री ढग होते म्हणून मी कालावधी नीट मोजत बसले: २३९.३ सेकंद. तो आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. पृथ्वीची नाक्षत्र फेरी ८६,१६४ सेकंदांची; तिला २३९.३ ने भागले तर उत्तर बरोबर ३६० येते. दुर्बिणीच्या ध्रुवीय अक्षावरच्या मोठ्या चाकाला ३६० दाते होते. दर दात्यामागे वर्म, म्हणजे ते चाक फिरवणारा स्क्रू, एक फेरी मारत होता, त्याच्या किंचित चुकीमुळे तारा छिद्रात इकडून तिकडे सरकत होता, आणि फोटोकॅथोडची, म्हणजे नळीतल्या उजेड टिपणाऱ्या पृष्ठभागाची, संवेदनशीलता सगळीकडे सारखी नसल्यामुळे उजेड चार मिनिटांनी कमीजास्त दिसत होता. पुढच्या रात्री एका अगदी स्थिर ताऱ्याकडे दुर्बीण लावली. तेच शिखर, तिथेच.

तेव्हापासून कुठलेही बारीक शिखर दिसले की मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे ताऱ्याशिवाय आणखी कुठून येऊ शकते? तुमची पाच शिखरे याच क्रमाने बघू.

०.०७३ सोडून द्या. त्याचा कालावधी १३.७ दिवस होतो, आणि टेसची पृथ्वीभोवतीची एक फेरीही १३.७ दिवसांची आहे. प्रत्येक फेरीच्या शेवटी डेटा पृथ्वीकडे पाठवण्यासाठी निरीक्षण थांबते, आणि फेरीच्या ठरावीक भागात पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो. त्यात तुमच्या २७ दिवसांत त्याची जेमतेम दोन आवर्तने बसतात. दोन आवर्तनांवरून मी कुठल्याच ताऱ्याबद्दल विधान करणार नाही.

११.८४ बद्दल मला शेजाऱ्याचा संशय आहे. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्क-सेकंदांचा असतो. तुमचे अ‍ॅपर्चर तीन बाय तीन पिक्सेलचे असेल, म्हणजे तेवढ्या पिक्सेलांचा उजेड एकत्र मोजला असेल, तर त्यात आर्क-मिनिटभराचे आकाश येते, आणि आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ तेवढ्या जागेत पाच-सहा तारे सहज सापडतात. गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये बघा. समजा तिथे तीन प्रतींनी मंद असा एखादा डेल्टा स्कुटी तारा आहे. त्याचा उजेड तुमच्या ताऱ्याच्या सुमारे ६ टक्के. मग एकत्रित डेटात १ मिलिमॅग दिसायला त्याचे स्वतःचे दोलन १७ मिलिमॅगच्या आसपास असले की पुरे, आणि डेल्टा स्कुटी ताऱ्यात तेवढे दोलन ही अगदी रोजची गोष्ट आहे. दिवसाला बारा आवर्तने ही वारंवारताही त्याच जातीची.

तपासायचे कसे? अ‍ॅपर्चरमधल्या प्रत्येक पिक्सेलचा लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, वेगळा काढा. प्रत्येकात ३.२२६ चा उजेडातला चढउतार किती आणि ११.८४ चा किती, असे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवा. चढउतार मोजलेल्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबात घ्या, टक्केवारीत नको. दोन्ही नकाशांत सगळ्यात उजळ पिक्सेल एकच असेल तर दोलन तुमच्या ताऱ्याचे मानायला जागा आहे. ११.८४ चा नकाशा कडेला झुकला असेल तर प्रश्न मिटला. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. प्रबंधात हे दोन नकाशे छापा. परीक्षक दुसरे काही बघोत न बघोत, ते बघतील.

दुसरी एक कसोटी मला याहून जास्त आवडते, कारण ती थेट भौतिकशास्त्रावर उभी आहे. दोन वेगळ्या ताऱ्यांचा उजेड कॅमेऱ्यात नुसता मिसळतो, बेरीज होते, बाकी काही होत नाही. पण एकाच ताऱ्यात दोन दोलने असली तर ती एकमेकांत गुंततात: तारा फुगलेला असताना दुसरे दोलन वेगळे वागते, आकसलेला असताना वेगळे. मग पिरिओडोग्राममध्ये दोघांची बेरीज आणि वजाबाकीसुद्धा शिखर म्हणून उमटते. तुमच्या बाबतीत ५.२६२ अधिक ३.२२६ म्हणजे ८.४८८, आणि उणे केले तर २.०३६. तुम्ही पाठवलेल्या चित्रात ८.४८८ ला एक छोटा सुळका आहे. तुम्ही त्याला मोजलेच नाही, कारण त्याची उंची साडेतीनपटच भरते. पण आधीच ठाऊक असलेल्या जागी शिखर शोधायचे असेल तर उंबरठा खाली आणता येतो, कारण आता आपण दहा हजार जागा चाळत नसून एकच जागा बघतो आहोत. तो सुळका ५.२६२ तुमच्याच ताऱ्यातले असल्याची साक्ष आहे. ११.८४ साठी अशी जागा १५.०६६; तिथे काहीच नाही.

एक सावधगिरी बाळगा: हे सगळे फ्लक्समध्ये (मोजलेल्या उजेडात) करा, मॅग्निट्यूडमध्ये (प्रतीत) नको. मॅग्निट्यूड काढताना आपण लॉगॅरिदम घेतो, आणि दोन ताऱ्यांच्या बेरजेचा लॉगॅरिदम घेतला की नसलेली गुंतागुंत थोडीशी का होईना तयार होते.

आता मुख्य गोष्ट, ५.२६२ आणि २.६३१.

३.२२६ ला ५.२६२ ने भागा. ०.६१३. हा आकडा पाहून मी तुमची मेल दोनदा वाचली. आरआरसी तारे पहिल्या ओव्हरटोनमध्ये, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या पहिल्या स्वरात, स्पंदन पावतात. एखादा तारा एकाच वेळी मूळ स्वर आणि पहिला ओव्हरटोन अशा दोन्हींत स्पंदन पावत असेल, म्हणजे आरआरडी असेल, तर कालावधींचे गुणोत्तर ०.७४५ च्या जवळ येते, ते नेहमीचे. पण ०.६१ ला कुठलाही त्रिज्य, म्हणजे सगळा तारा एकसारखा फुगवणारा-आकसवणारा, स्वर बसत नाही. २००७ मध्ये कॅनडाच्या मोस्ट उपग्रहाच्या डेटात एक्यू लिओनिस या ताऱ्यात अशी जादा वारंवारता पहिल्यांदा दिसली. मोस्टची दुर्बीण अवघी १५ सेंटिमीटरची, तुमच्या ८ इंचीपेक्षा लहान. फक्त ती अवकाशात होती आणि महिनाभर डोळा न मिटता बघत होती. नंतर नासाच्या केप्लर अवकाश दुर्बिणीने सुरुवातीला पाहिलेले चार आरआरसी तारे पावेल मोस्कालिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तपासले, तर चारही ताऱ्यांत ही वारंवारता निघाली. चिलीतल्या ओगल सर्वेक्षणातून अशा ताऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. आयाम नेहमी मुख्य दोलनाच्या दोन-पाच टक्के. तुमचे ४ मिलिमॅग म्हणजे १५० चे पावणेतीन टक्के. बरोबर बसते.

हे तारे कालावधी आणि गुणोत्तर यांच्या आलेखावर मांडले की ते तीन समांतर पट्ट्यांत पडतात, ०.६१३, ०.६२२ आणि ०.६३१ च्या आसपास. त्याचे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण पोलंडचे व्होइचेख झेंबोव्स्की यांनी २०१६ मध्ये दिले. त्यांचे म्हणणे असे की ५.२६२ हे मुळात दोलनच नाही, ते हार्मोनिक आहे. खरे दोलन त्याच्या निम्म्यावर, २.६३१ ला, आणि ते त्रिज्य नाही: ताऱ्याचा पृष्ठभाग एकसारखा फुगत-आकसत नसून त्याचे अनेक पट्टे होतात, काही वर येत असताना काही खाली जातात. ०.६१३ च्या पट्टीसाठी त्या दोलनाची कोटी (पृष्ठभागावर किती पट्टे पडतात ते सांगणारा आकडा) ९, ०.६३१ साठी ८, आणि मधली पट्टी त्या दोघांच्या मिश्रणाची.

कोटी ९ म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या तबकडीवर उजळ आणि मंद पट्टे एकमेकांना जवळजवळ पुरते खोडून काढतात. तारा एका बिंदूसारखा दिसत असल्यामुळे आपल्या हाती उरलीसुरली वजाबाकीच येते. हार्मोनिकमध्ये मात्र ही खोडाखोड तेवढी होत नाही, म्हणून मूळ दोलन मंद आणि त्याचे हार्मोनिक ठळक असा उलटा प्रकार दिसतो. गाण्याच्या बैठकीला बसणाऱ्यांना हे चटकन समजेल. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात. गांधाराला लावलेली तार तिथे नसते. ऐकू येतो तो खर्जाचाच एक उपस्वर. तुमच्या ताऱ्यात ५.२६२ हा असा स्वयंभू आहे आणि २.६३१ ही छेडलेली तार.

म्हणूनच २.६३१ तुमच्या यादीत चौथे असले तरी माझ्या लेखी ते सगळ्यात मोलाचे. बऱ्याच ताऱ्यांत ते दिसतच नाही. प्रबंधात ही दोन शिखरे वेगवेगळ्या ओळींत लिहू नका, २.६३१ ला दोलन म्हणा आणि ५.२६२ ला त्याचे हार्मोनिक, आणि हे स्पष्टीकरण झेंबोव्स्कींचे आहे हे नमूद करा.

तुम्ही डेटाचे दोन तुकडे करून पाहिले आणि दुसऱ्या तुकड्यात २.६३१ अर्ध्यावर आले, म्हणून घाबरला आहात. घाबरू नका. या दोलनांचा आयाम दहा-वीस दिवसांपासून काही महिन्यांपर्यंतच्या काळात बदलत राहतो, केप्लरच्या चारही ताऱ्यांत हे दिसले होते. त्यामुळे शिखर एकच टोकदार न येता रुंद, कधी दुभंगलेले येते. एक साइन लहर वजा केल्यावर शेजारी दुसरे उरते, तेही वजा केले की तिसरे. तिथेच थांबा. त्या झुबक्याला एकच शिखर माना. आठ साइन वजा करून डेटा गुळगुळीत करता येतो, पण त्यातल्या सात तुम्ही स्वतः निर्माण केलेल्या असतात.

उरले ३.२५८. मुख्य वारंवारतेपासून त्याचे अंतर ०.०३२. तुमच्या २७ दिवसांच्या डेटाची विभेदनक्षमता एक भागिले २७, म्हणजे ०.०३७. दोन शिखरे त्याहून जवळ असतील तर ती दोन आहेत की एकाच शिखराचा आकार बिघडला आहे, हे डेटाला कळतच नाही. तीन शक्यता आहेत. ताऱ्याचा कालावधी किंचित सरकत असेल. आरआरसी ताऱ्यांत हे नेहमीचे. किंवा तीस-एकतीस दिवसांचा ब्लाझ्को परिणाम असेल, म्हणजे मुख्य दोलनाचा आयाम आणि कला (आवर्तनाची वेळ) हळूहळू बदलत असेल. किंवा डेटा सपाट करताना, म्हणजे त्यातला सावकाश चढउतार काढून टाकताना, तुम्ही आयामच हलवला असेल. ब्लाझ्को असेल तर दुसऱ्या बाजूला, ३.१९४ च्या आसपासही काहीतरी दिसायला हवे. ते दिसत नाही, पण २७ दिवसांत ते दिसेलच असेही नाही. हे शिखर तक्त्यात ‘अविभेदित’ म्हणून टाका.

आणि इथेच तुमची ८ इंची दुर्बीण कामाला येते.

४ मिलिमॅगचे ५.२६२ जमिनीवरून पकडायच्या मागे लागू नका. आकड्यांत ते अशक्य नाही: एका नोंदीची चूक १० मिलिमॅग असली तरी दोन हजार नोंदींत आयामाची चूक ०.३ मिलिमॅगवर येते. पण हा हिशेब गोंगाट निव्वळ यादृच्छिक असेल तरच खरा. प्रत्यक्षात रोजची हवा वेगळी, धूळ वेगळी, प्रत्येक रात्रीची शून्यपातळी थोडी सरकलेली. शिवाय एकाच ठिकाणाहून फक्त रात्री बघितले की ५.२६२ च्या दोन्ही बाजूंना एकेका आवर्तनाच्या अंतरावर, ४.२६ आणि ६.२६ ला, त्याच उंचीच्या सावल्या पडतात, आणि खरे कोण ते सांगता येत नाही. दिवसरात्रीच्या या खोड्यामुळे किती मोठी गोष्ट नजरेतून सुटू शकते याचे उदाहरण आरआर लायरी हा ताराच आहे. विल्यमिना फ्लेमिंग यांच्या नोंदीपासून शंभरएक वर्षे लोक त्याला बघत होते. त्याची आवर्तने काही काळ आलटून पालटून उंच आणि बुटकी होतात, हे २०१० मध्ये केप्लरच्या डेटातूनच कळले. त्याचा कालावधी १३ तास ३६ मिनिटे. आज रात्री एक शिखर दिसले तर पुढचे दिवसा येते आणि उद्या रात्री दिसते ते त्याच्या पुढचे. म्हणजे सलग काही रात्री तुम्ही फक्त उंच किंवा फक्त बुटकी आवर्तने बघत राहता. उंच-बुटके शेजारी शेजारी कधी दिसतच नाहीत.

त्यापेक्षा मुख्य दोलन मोजा. ऑक्टोबरपासून पावसाळ्याआधीपर्यंत, महिन्याला सहा-सात रात्री, हिरव्या किंवा व्ही फिल्टरमधून. कालावधी साडेसात तासांचा असल्याने हिवाळ्याच्या लांब रात्रीत पूर्ण आवर्तन मिळते. आरआरसीचा माथा गोलसर असतो, त्यामुळे कमाल तेजाची वेळ थेट वाचू नका. टेसवरून काढलेला सरासरी आकार आख्ख्या रात्रीच्या डेटावर सरकवून बसवा, वेळ दोन-तीन मिनिटांपर्यंत अचूक येईल. वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रानुसार दुरुस्त करा, नाहीतर पृथ्वीच्या कक्षेमुळे आठ-आठ मिनिटांचा खोटा झोका आत शिरेल. मग निरीक्षित वेळ उणे अपेक्षित वेळ असा आलेख काढा. तीन-चार महिन्यांत तो तीस दिवसांनी वरखाली झाला तर ३.२५८ म्हणजे ब्लाझ्को. एका बाजूला वळत गेला तर कालावधी बदलतो आहे. सरळ राहिला तर संशय तुमच्या सपाटीकरणावर.

लिहायला बसण्याआधी आणखी एक करून बघा. मूळ डेटात स्वतःच एक खोटे दोलन मिसळा, समजा ७.४ ला १ मिलिमॅगचे. मग तीच सगळी प्रक्रिया पुन्हा करा: सपाटीकरण, हार्मोनिकची वजाबाकी, पिरिओडोग्राम. ते १ मिलिमॅगचेच परत मिळते का? ०.७ मिळाले तर तुमची प्रक्रिया तीस टक्के सिग्नल खाते आहे, आणि २.६३१ चा आयामही मग दीड नसून दोनच्या पुढे आहे. अशी पाच-सहा ठिकाणे घ्या. मी विद्यार्थ्यांना हे पहिल्या आठवड्यात करायला लावते, खऱ्या ताऱ्याला हात लावण्याआधी.

तुमच्या ताऱ्याच्या दिशेला टेस पुन्हा वळले आहे का ते बघा. बहुतेक आकाश एकाहून अधिक वेळा पाहून झाले आहे. दुसरा सेक्टर मिळाला तर दोन्ही एकत्र करू नका. मध्ये वर्षाचे अंतर असेल तर सावल्यांचे जंगल उगवेल. दोन्ही वेगवेगळे बघा, आणि २.६३१ चा झुबका किती रुंद निघाला आणि ८.४८८ पुन्हा दिसले का, हे मला कळवा.